आबांचे जाड पापड

मित्रांनो, मी एक जुने लाटणे आहे. पोळ्यांचे नव्हे, पापडाचे. पोळ्यांचे लाटणे जाडजूड असते, त्याला रोज काम असते आणि घरात त्याचा मानही असतो. मी बारीक आहे, दोन्ही टोकांना निमुळते आहे आणि माझे काम वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात असते. बाकीचे वर्ष मी ओट्याखालच्या खणात पडून असते. तेल पिऊन पिऊन माझे अंग काळे पडले आहे. एका टोकाला चीर गेली आहे. लाकडालाही थकवा येतो असे म्हटले तर तुम्ही हसाल, पण येतो. तरीही या उन्हाळ्यात आमच्या घरात जे घडले ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म गडहिंग्लजच्या बाजारपेठेतला. तिथल्या एका सुताराकडे कपाट करून उरलेला शिसवीचा तुकडा होता. त्याने तो तासला, घासला आणि त्याचे लाटणे केले. दुकानाबाहेरच्या टोपलीत मी इतर लाटण्यांबरोबर उभे होते, तेव्हा नेसरीची एक नवी नवरी मला बघायला आली. तिचे नाव ललिता. तिने एकेक लाटणे उचलले, डोळ्यासमोर आडवे धरले, तळहातावर फिरवून पाहिले आणि परत ठेवले. तिचा नवरा एसटीच्या आगारात मेकॅनिक होता. तो मागे उभा राहून कंटाळला होता.

"अगं, लाटणं घ्यायचंय का जावई बघायचाय?" तो म्हणाला.

"लाटणं वाकडं निघालं तर वाकडं पापड तुम्ही खाणार हाय का?" ललिताने मागे न बघताच विचारले आणि मला उचलले.

तो नवरा म्हणजेच आमचे आबा. पुढे सगळे त्यांना आबाच म्हणू लागले.

मित्रांनो, ललिताचा हात कसा होता ते मी कसे सांगू? उडदाच्या पिठात ती पापडखार, हिंग आणि भरडलेले मिरे घाली आणि पीठ अगदी घट्ट भिजवी. मग तेलाचा हात लावून वरवंट्याने कुटत बसे. कुटता कुटता पीठ पांढरे पडे आणि ओढले तर तुटण्याऐवजी लांबत जाई. मग त्याची लांब वळी करून ती दोऱ्याने लाट्या कापी. दोऱ्याचे एक टोक दातात आणि दुसरे हातात. मुले भोवती घिरट्या घालत आणि कच्च्या लाट्या तेलात बुडवून पळवत. ती ओरडे, पण चार लाट्या मुद्दाम कडेला ठेवलेल्या असत. त्यानंतर माझी पाळी येई. तिच्या हाताखाली मी असे फिरे, की पापडातून पोळपाटाच्या लाकडाच्या रेषा दिसत.

आबा निवृत्त झाले आणि आम्ही कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका फ्लॅटमध्ये मुलाकडे राहायला आलो. मुलगा प्रसेनजीत आणि सून श्रुती, दोघेही नोकरी करणारे. गच्चीवर जुनी साडी अंथरून ललिता पापड वाळत घाली. भाजलेल्या पापडासोबत ती घट्ट दह्यात कांदा-लसूण चटणी कालवी आणि वरून जिऱ्याची फोडणी देई. कधी हिरव्या मिरचीचा खर्डा दाण्याच्या कुटात आणि दह्यात सैल करी. खालच्या मजल्यावरच्या शालूबाई जिन्यातून ओरडत, "ललिताबाई, तुमचा पापड मोडला की खालपतूर आवाज येतोय की!" त्या दिवशी मी खणात जरा ताठ पडत असे.

मग हळूहळू काम कमी झाले. ललिताचे गुडघे दुखू लागले. दुकानातून पापडाची पाकिटे येऊ लागली. कुणी माझ्याने सोफ्याच्या गाद्या झोडपल्या, कुणी पलंगाखाली गेलेला चेंडू काढला. मी तक्रार केली नाही. लाटणे कुणाकडे तक्रार करणार?

यंदा थंडी संपता संपता ललिताला अर्धांगवायूचा झटका आला. ती कितीतरी दिवस दवाखान्यात होती. घरी आली तेव्हा तिचा उजवा हात निर्जीव होऊन अंगाशी लोंबत होता. पाय थोडा ओढत चालता येई. पण सगळ्यात मोठे नुकसान बोलण्याचे झाले होते. तिला पाणी हवे असे आणि तोंडातून शब्द येई, "खुर्ची." आपण चुकलो हे तिचे तिला लगेच कळे. एकदा पाहुण्यांसमोर असेच झाले आणि कुणीतरी हसले. त्या दिवसापासून तिने बोलणेच सोडले. डॉक्टर म्हणत होते, यांना बोलते करा, चुकले तरी बोलू द्या. पण ती भिंतीकडे तोंड करून पडून राही.

खणातून मला सारे ऐकू येई. आबा तिला आंघोळ घालत, केस विंचरत, तिच्या हाताला तेल चोळत, व्यायाम करून घेत. सुरुवातीला ते तिच्याशी खूप बोलत. मग त्यांचेही बोलणे कमी झाले. दुपारी ते स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून नुसते उभे राहत. त्यांच्या श्वासाचा आवाज मला माझ्या चिरेत ऐकू येई.

एका रविवारी प्रसेनजीत त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला.

"आबा, सांगलीकडं एक सेंटर हाय. असल्या पेशंटना ठेवतात. नर्स असतात, व्यायामाची माणसं असतात."

आबांनी नळ सोडून तांब्या भरायला घेतला. प्रसेनजीत पुढे म्हणाला,

"तुमचं बघवत न्हाय मला. तुम्ही पण आजारी पडाल."

"आनि तिथं ती कुणाकडं बघंल?" आबांनी विचारले.

"इथं तरी कुणाकडं बघतीया, आबा? भिंतीकडंच न्हवं?"

आबा म्हणाले, "ह्यो उन्हाळा जाऊ दे. मग बघू."

मित्रांनो, प्रसेनजीत वाईट मुलगा नव्हता. तोही थकला होता. घरात एक माणूस आजारी पडले की सगळे घर थकते.

त्याच आठवड्यात आबांनी पाकिटातला पापड भाजून, त्याचा बारीक तुकडा ललिताच्या तोंडात दिला. डॉक्टरांनी आता सगळे खायला परवानगी दिली होती. तिने तो जिभेवर धरला आणि ओठांतून खाली पडू दिला. आबा त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग उठले, स्वयंपाकघरात आले आणि माझा खण उघडला. त्यांच्या राठ बोटांनी मला पहिल्यांदाच उचलले.

शालूबाईंनी पिठाचे प्रमाण सांगितले. कुटायला मात्र आबांना कुणी शिकवावे लागले नाही. आयुष्यभर गाड्यांचे लोखंड ठोकलेले हात ते. पीठ असे मऊ झाले, की शालूबाईंनी तोंडात बोट घातले. पण लाटताना सगळी गंमत झाली. आबा मला पान्यासारखे आवळून धरत. पापड एकीकडे पळे, मी दुसरीकडे.

"आबा, ह्यो पापड हाय का घोंगडं?" शालूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "आनि आकार तर बघा, गडहिंग्लज तालुक्याचा नकाशाच काढलासा!"

"हसा की. पयलाच हाय," आबा म्हणाले आणि खाली मान घालून लाटत राहिले.

ललिताला त्यांनी जवळच खुर्चीत बसवले होते. ती भिंतीकडे बघत होती. मग हळूच तिची नजर पोळपाटाकडे वळली. एक पापड झाला, दुसरा झाला. तिच्या कपाळावर आठी पडली. तिसऱ्या पापडाला तिने डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर चापट मारली.

"जा... जाड!"

आबांचे हात थांबले. मी पापडावर तसेच अर्धे राहिले.

"काय म्हणालीस?"

"जाड... झालंय."

शालूबाईंचे हसू कुठल्या कुठे गेले. आबांनी मान वर केली नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि एक थेंब माझ्यावर पडला. "व्हय गं," ते म्हणाले, "जाड झालंय खरं."

त्या दिवसापासून रोज दुपारी थोडे पीठ कुटले जाऊ लागले. ललिता खुर्चीत बसून चुका काढी. "तेल... लय." "फिरवा... फिरवा की." कधी शब्द चुकत. एकदा तिला कड म्हणायचे होते आणि तोंडातून आले, "चादर दाबा." ती दचकली, तोंड मिटून घेणार इतक्यात आबांनी पापडाची कड दाबली आणि म्हणाले, "ही बघ, दाबली चादर. आता?" ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि हसली. कितीतरी दिवसांनी त्या घरात मी तिचे हसू ऐकले.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी घरात आबांशिवाय फक्त मला ठाऊक होती. थोड्याच दिवसांत आबांना पापड लाटता येऊ लागला होता. एका दुपारी ललिताला डुलकी लागली असताना त्यांनी एक पापड लाटला. तो पातळ झाला, बराच गोलही झाला. आबांनी तो उचलून उजेडात धरला. मग त्याची पुन्हा लाटी केली, पोळपाटावर ठेवली आणि ती जागी होण्याची वाट पाहत बसले. ती जागी झाल्यावर ते लाटू लागले. पण त्यांचा तळहात माझ्यावर नुसता टेकलेला होता. त्यात जोर नव्हता. पापड घोंगडीसारखा जाड राहिला. "जाड! किती येळा... सांगू?" ललिता चिडली आणि आबांनी मान हलवली, "चुकलं बघ पुन्हा."

असे कितीतरी दिवस चालले. माझे अंग दुखत होते. पातळ लाटायची सवय झालेल्या लाटण्याला मुद्दाम जाड पापड लाटणे जड जाते. पण मी कधी कुरकुर केली नाही.

शेवटी ललितानेच ओळखले. एके दिवशी ती पापडाकडे न बघता आबांच्या मनगटाकडे बघत बसली. बराच वेळ बघितले. मग म्हणाली, "मुद्दाम... करताय की!"

"न्हाय गं."

"व्हय!"

"अगं, माझा हात मेकॅनिकचा..."

"खोटं." आणि तिने पुढे वाकून डाव्या हाताने माझे टोक पकडले. इतके घट्ट, की आबांना मला सोडवून घेता येईना. तिचा एकटा डावा हात मला नवा होता. इतक्या वर्षांत त्याने पोळपाट धरला होता, लाट्या दाबल्या होत्या, पण उजव्या हाताच्या जोडीशिवाय मला कधी धरले नव्हते. आबांनी दुसरे टोक धरले. दोघांनी मिळून मला पुढे ढकलले, मागे ओढले. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आबांच्या बाजूला जोर जास्त पडे, तिच्या बाजूला कमी. दोघेही घामाघूम झाले. दुपार सरत आली तेव्हा एक पापड तयार झाला, एका बाजूला कागदासारखा आणि दुसऱ्या बाजूला भाकरीसारखा.

तसलेच पापड गच्चीवर वाळले. रविवारी आबांनी त्यातला एक गॅसवर धरला. पातळ बाजू क्षणात करपली, जाड बाजू पांढरीच राहिली. श्रुतीने दही काढले. "चटणी... आधी," ललिता म्हणाली. "फोडणी... मग." श्रुतीने तसेच केले. ललिताने पापडाचा तुकडा डाव्या हाताने दह्यात बुडवला, तोंडात घातला आणि कुरकुर चावला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

प्रसेनजीतने करपलेला तुकडा खाल्ला. मग पांढरा खाल्ला. मग बोटे पुसत तो म्हणाला, "आबा, सकाळचा व्यायाम उद्यापासनं मी घेतो आईचा. तुम्ही जरा येळानं उठा."

सांगलीचे नाव त्या दिवशी कुणी काढले नाही. पुढे कधी निघेल की नाही, मला माहीत नाही. ललिताचा उजवा हात अजून तसाच आहे. शब्द अजून चुकतात. आबा अजून दमतात; त्या रविवारी दुपारी तर ते मला हातात धरून, भिंतीला टेकून, बसल्या जागी झोपून गेले. ललिताने त्यांना उठवले नाही. आवाज होऊ नये म्हणून पंखा सुरू करायलाही श्रुतीला खुणेनेच सांगितले.

मित्रांनो, आता माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात कुणाचे हात थकले असतील, तर "तुम्ही बसा, तुम्हाला जमायचे नाही" असे म्हणून त्यांच्या हातातले काम काढून घेऊ नका. त्या कामाचे एक टोक तुम्ही धरा. पापड वाकडा होईल, एका बाजूला करपेल. तरी खा.

आणि आम्हा लाटण्यांना खरकट्या भांड्यांत भिजत टाकू नका. पुसून, कोरडे करून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या कोणत्या हाताला आमची गरज लागेल, ते आधी सांगता येत नाही.