चोविसाव्या पोर्टचा नारिंगी दिवा

मी नेटवर्क स्विच बोलतोय, संगणकांचे निरोप इकडून तिकडे पोचवणारी, केबल खोचायच्या चोवीस खाचांची म्हणजे पोर्टांची पेटी, आणि आज जरा चढ्या आवाजातच बोलणार आहे. नऊ वर्षं एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये भिंतीवर काढली. आता टेबलाखाली पडलोय. कागदावर माझ्या नावापुढे ‘सदोष’ असं लिहिलंय. माझी बाजू कुणी विचारली नाही, म्हणून मीच सांगतो.

मला बसवलं वायरवाल्या काकांनी. वरच्या मजल्यावर माझ्यासारखाच आणखी एक स्विच. आमच्यात त्यांनी दोन केबल टाकल्या, एक तुटली तर दुसरी हाताशी असावी म्हणून. मग लॅपटॉप जोडून दोघांवर स्पॅनिंग ट्री नावाची, वाटांवर पहारा ठेवणारी सोय चालू केली. वरच्याला थोरला ठरवलं, मला धाकटा. आणि दुसरी केबल लावलेल्या माझ्या चोविसाव्या पोर्टचा दिवा नारिंगी झाला.

“हा बिघडला का हो काका?” लॅबमधल्या ताईंनी विचारलं.

“नाही गं. दोन्ही वाटा एकदम उघड्या राहिल्या तर निरोप गोल गोल फिरत बसतो, एकाचे हजार होतात. म्हणून हा एक वाट अडवून बसतो.”

अडवून बसतो म्हणजे झोपा काढत नाही. थोरला दर दोन सेकंदांनी हाक देतो, ती मी ऐकत असतो. एकदा सुताराने भिंतीला भोक पाडताना पहिली केबल तोडली. अर्ध्या मिनिटात मी दुसरी वाट मोकळी केली; पहिली दुरुस्त झाली, की पुन्हा नारिंगी. कुणाला पत्ताही लागला नाही, मग कौतुक कसलं?

काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी नवे साहेब आले. माझा नारिंगी दिवा त्यांच्या डोळ्यांत खुपला. “बाकीचे हिरवे, मग हाच का असा?” म्हणत त्यांनी दोन्हीकडचं स्पॅनिंग ट्री बंद केलं. दिवा हिरवा झाला, साहेब खूश.

मिनिटभरात सगळं ठप्प. एकेक निरोप एका केबलने वर जाई, दुसरीने खाली येई, पुन्हा वर. माझे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. वर ऑपरेशनच्या टेबलावर एक बाई होती आणि लॅबने वर धाडलेला तिच्या रक्तगटाचा निरोप माझ्यात अडकला होता. मी घाबरलो होतो, पण माझ्या हातात काही ठेवलंच नव्हतं.

ताईंना काकांचं बोलणं आठवलं. साहेबांना बाजूला सारून त्यांनी चोविसावी केबल उपटली. रक्तगट वर पोचला.

खापर मात्र माझ्यावर फुटलं.

आज माझ्या जागी नवा बसला. साहेब फोनवर काकांना विचारत एकेक ओळ टाइप करत होते. दोन्ही केबल जोडल्या. दिवे हिरवे होत गेले, चोविसावा नारिंगीच राहिला.

ताई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, हाही सदोषच निघाला वाटतं.”

साहेबांनी लॅपटॉप मिटला.

उद्या भंगारवाला येईल. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण मी सदोष होतो हे काही कबूल करणार नाही. आणि या नव्याच्या नारिंगी दिव्याला कुणी हात लावाल, तर याद राखा.