अढीतली स्पोर्ट्स कार

मित्रांनो, जरा वाका. अजून वाका. हां, दिसले ना आता? मी एक जुनी, पिवळीधमक स्पोर्ट्स कार आहे. हसू नका हं! बुटकी आहे म्हणूनच मी वळणावर रस्त्याला चिकटून धावते. दोन दरवाजे, दोन सीटा आणि आवाज असा की मुरुडच्या वाडीतली कुत्री झोपेतून उठून उभी राहतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला जोडलं, रंगवलं, चकाकवलं आणि शेवटी पुढच्या खणात एक जाड पुस्तक ठेवलं. माझी निगा कशी राखायची ते सगळं त्यात लिहिलेलं होतं. पण माझ्या मुंबईच्या पहिल्या मालकांनी माझ्यासोबत फक्त फोटो काढले, शेकड्यांनी! पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत राहिलं आणि मी इमारतीच्या तळघरात.

मग मला मृणालीने विकत घेतलं. ती दापोलीच्या कॉलेजात गणित शिकवते. अशी गाडी हे तिचं शाळेपासूनचं स्वप्न! तिचा भाऊ दत्तात्रेय आंब्याचा बागायतदार. मला बघून त्याने कपाळावर हात मारला.

“अगो मृणाली, आंब्याच्या पेट्या कुठे ठेवायच्या हिच्यात? टपावर?”

“पेट्यांना तुझा टेम्पो आहे ना, दादा. ही माझ्यासाठी आहे.”

“आणि अंगणात कशी आणणार? पोट घासतंय हिचं जांभ्याच्या चढाला!”

ते मात्र खरं होतं. तेवढ्यात दत्तात्रेयची नववीतली मुलगी उर्वी धावत गेली, फुटक्या पेट्यांच्या फळ्या घेऊन आली आणि तिने त्या चढावर मांडल्या. त्यांच्यावरून मी अशी डौलात आत गेले, की विचारू नका!

मे महिन्यात मृणाली पेपर तपासायला तीन आठवडे मुंबईला गेली. इकडे आंबा उतरला. दत्तात्रेयने माझ्या शेडमध्ये भाताचा पेंढा पसरून आंबे पिकायला घातले. माझ्या चारही बाजूंनी अढी! आहाहा, काय तो वास! पण मला कुणी सुरू करेना. उंदरांना मात्र शेड फार आवडली. ज्या डब्यातून मी श्वास घेते, त्यातच एका उंदरिणीने संसार थाटला. मला सगळं कळत होतं, पण स्वतःचा हॉर्न स्वतःला कुठे वाजवता येतो?

मृणाली परत आली आणि मोठ्या हौसेने मला आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला घेऊन निघाली. कड्याचा चढ आला आणि माझा दम संपला. धाप, काळा धूर, आणि मी ठप्प! शेवटी टेम्पोला दोरी बांधून मला घरी आणलं. काय ती शरम!

गावातले बाबल्या मेस्त्री बघून गेले. “मॅडम, इंजिन गेलं वाटतं. मी रिक्षा दुरुस्त करणारा माणूस, हे खेळणं मला नाय समजत.”

दत्तात्रेयने निकालच लावला. “चिपळूणचा एकजण विचारतोय. रविवारी ही तो चढ चढली तर ठेव. नाहीतर सोमवारी देऊन टाक.”

मृणाली नुसती येऊन माझ्यात बसली आणि स्टीअरिंगवरून हात फिरवत राहिली. मला तर रडूच आलं असतं!

शेजारच्या सीटवर बसून उर्वीने माझा खण उघडला. “आत्या, हे बघ! हे पुस्तक कुणी उघडलंसुद्धा नाहीये!”

दोघींनी दोन दिवसांत ते वाचून काढलं. दांडी ओढून तेल पाहिलं. टायरवर बनल्याचा आठवडा आणि वर्षही लिहिलेलं असतं, हे कळल्यावर उर्वी पोटावर झोपून चारही टायर वाचून आली. “चार वर्षांचे आहेत, अजून चालतील!” समुद्रावरून आलं की पोट गोड्या पाण्याने धुवायचं. धुतल्यावर हँडब्रेक ओढून तशीच उभी करायची नाही, ब्रेक चिकटतात. मग एक पान आलं: धुळीच्या भागात एअर फिल्टर वरचेवर उघडून पाहा.

उर्वीने फिल्टरच्या डब्याचे चाप काढले. आत काय? पेंढा! मूठभर, आणखी मूठभर, आणि तळाशी कुरतडलेली आंब्याची कोय. उंदरीण पिलांसकट केव्हाच पसार झाली होती. नशीब, फिल्टर शाबूत होता!

“बाबा,” उर्वी ओरडली, “ही तर तुमचीच अढी!”

दत्तात्रेयने कोय हुंगली. “हापूसच आहे,” तो पुटपुटला आणि खाली मान घालून पेंढा उचलू लागला.

रविवारी परीक्षा! माझ्यात जागा दोघांनाच, म्हणून गाडी चालवायला मृणाली आणि परीक्षक म्हणून दत्तात्रेय. उर्वी देव पाण्यात ठेवून अंगणातच थांबली. तिसऱ्या वळणावर दत्तात्रेयने दरवाजा घट्ट धरला. मी मात्र छाती भरून श्वास घेतला आणि एका दमात वर! गणपतीसमोर दोघं उतरले. खाली सगळा समुद्र लखलखत होता.

दत्तात्रेय माझ्याभोवती दोनदा फिरला. खाकरला. “मृणाली... उतरताना मी चालवू का गो?”

तिने खणातून पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. “आधी हे वाच, दादा. उर्वी परीक्षा घेणार आहे.”

सध्या तो रोज संध्याकाळी ओटीवर चष्मा लावून माझं पुस्तक वाचतो. तेलाच्या पानावर दोनदा नापास झालाय!

मित्रांनो, आम्ही जुन्या गाड्या फार काही मागत नाही. आठवड्यातून एकदा फिरवून आणा, पोट धुवा, श्वास मोकळा ठेवा. आणि तुमच्या घरी आमच्यासारखी कुणी आली, तर आधी तिचा खण उघडून बघा. तिला जे बोलता येत नाही, ते तिथे लिहिलेलं असतं.