पाय नसलेला टब

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जो तो आला होता टबात पाय ठेवायलाच. पाय बुडवले की चेला पाण्यात मीठ टाकायचा, यंत्राचं धातूचं वेटोळं सोडायचा आणि बटण दाबायचा. टबातलं स्वच्छ पाणी बघता बघता तपकिरी व्हायचं, वर मळकट फेस धरायचा आणि निवळबाबा डोळे मिटून म्हणायचे, "पाहा, मनातला अंधार तळपायांतून उतरतोय." गर्दी हात जोडायची.

लाँड्रीत इस्त्री करणारी वहिनी आज पुन्हा टबात पाय सोडून बसली होती. नणंदेने ओढून आणलं होतं. पंप दुरुस्त करणारा नवरा शेजारी हात जोडून उभा.

मध्यंतरी वहिनी तापलेली इस्त्री धरून नुसतीच उभी राहायची. आधी कॉलर की बाही, एवढंही ठरेना. झोप उडालेली, घास गिळवेना. डॉक्टर म्हणाले होते, हे नैराश्य आहे, आजारच आहे. गोळ्या घ्या, बोलायला येत राहा. ती गुपचूप जात राहिली, आणि झोप लागू लागली. तेवढ्यात गोळ्या नणंदेच्या हाती लागल्या. बाबांचा निकाल आला, "गोळ्या म्हणजे विकाराला खुराक." गोळ्या थांबल्या. आता 'आपण नसलेलंच बरं' हा विचार परत डोकं वर काढत होता, आणि तिला त्याचीच भीती वाटत होती.

"बघ, किती निघालं," नणंद म्हणाली. "हलकं वाटतंय ना?"

"नाही."

"मन लाव जरा."

"वन्सं, मन लागत असतं तर इथे कशाला आले असते?"

तिने पाय बाहेर काढले. बाबांचा चेला धावला. "मध्येच पाय काढू नका, विकार उलटतो."

"उलटू दे. आता नवीन पाणी घ्या, तुमचं मीठ टाका, ते धातूचं वेटोळं सोडा. पाय मात्र कुणाचेच नकोत."

"यंत्राचा अपमान होतो, बाई," बाबा म्हणाले.

"यंत्राची समजूत मी काढते."

तिने स्वतःच टब रिकामा करून भरला, मूठभर मीठ टाकलं, वेटोळं सोडलं आणि बटण दाबलं. माना पुढे झाल्या. पाणी पिवळसर झालं, मग तपकिरी. वर फेसही आला.

"हा अंधार कुणाचा, महाराज?"

"हॉलभर लोकांचा विकार... हवेतून..."

बाबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत नवऱ्याने बटण बंद केलं, वेटोळं उचललं आणि अंगठ्याने घासलं. अंगठा लालसर झाला.

"गंज आहे," तो म्हणाला. "मिठाच्या पाण्यात लोखंड ठेवून वीज सोडली की लोखंड झिजतं, गंज पाण्यात उतरतो. दिवसभर हाच खरवडतो मी, आणि इथे त्यालाच हात जोडले."

"पण माणसांना बरं वाटतं," नणंद पुटपुटली.

"बरं वाटणाऱ्यांना वाटू दे," वहिनी म्हणाली. "पाणी यांचं, गंज यांचा. आजार माझा आहे, आणि त्याच्यावर उपचार आहेत. मी आत्ता डॉक्टरांकडे चाललेय."

नवऱ्याने तिच्या चपला पुढे सरकवल्या.

मन आजारी पडतं, जसं शरीर पडतं. त्यात लाज कसली? औषधाला वेळ लागतो, कधी ते बदलावं लागतं. पण ते सुरू करायचं की थांबवायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं, टबातल्या पाण्याकडे बघून नव्हे.

रांगेतल्या एका बाईने दाराशी तिला गाठून हळूच विचारलं, "तुमचे डॉक्टर बसतात कुठे?"

आजवर वहिनीने तो पत्ता घरातही सांगितला नव्हता. आता तिने तो सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा सांगितला.