पायाळूचा पाय

सखूबाई पायाळू. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले, आणि अशा माणसानं पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, यावर भीमपूरकडच्या गावांत कोणी शंका घेत नाही. म्हणून शाळेतल्या मुलींची कबड्डीची टीम इंद्रवेल्लीला फायनल खेळायला निघाली, तेव्हा टेम्पोत आधी सखूबाईची जागा धरली गेली. त्यात तिची नात रुपा टीममधली सगळ्यांत तेज. म्हातारीचा रुबाब काय विचारता!

मध्यंतराच्या जरा आधी रुपा पाय रोवून गर्रकन वळली आणि गुडघ्यात कट्‌कन वाजलं. बाहेर बसलेल्यांनाही ऐकू आलं. तिला उचलून आणेपर्यंत गुडघा टम्म फुगला होता.

"चोळायचं नाही, उभंही करायचं नाही," टीमचे पीटी मास्तर नागसेन सर म्हणाले. सरबतवाल्याकडून बर्फ आणायला त्यांनी एका मुलीला पिटाळलं आणि स्वतः दवाखान्यासाठी गाडी बघायला धावले.

सर गेले तसा रुपाचा बाप बंडू पुढे सरकला. "माय, लाव पाय. दोनच पॉइंटनं मांगं हाओत."

"लाव ना वं आजी," रुपा दातओठ खाऊन म्हणाली. "मले उतरू दे. जिल्ह्याच्या टीमची निवड आजच हाय."

सखूबाईनं चप्पल काढली. आजवर कितीतरी पाठी तिच्या टाचेखालून गेल्या होत्या. पण अंगठा गुडघ्याला नुसता टेकला आणि आत काहीतरी जागचं सरकलं. तिनं पाय झटकन मागं घेतला.

"कमी झालं आजी, खरंच," रुपा म्हणाली. पोरीचे ओठ पांढरेफटक पडले होते, तरी ती हातांवर जोर देऊन उठायला लागली.

कमी कुठलं होतंय? पण पायाळूचा पाय लागलेला सगळ्यांनी पाहिला होता, आता हिला कोण अडवणार? ही अशीच मैदानात धावली तर गुडघा जन्माचा जाईल.

मध्यंतर संपल्याची पंचांची शिट्टी वाजली.

"बस खाली," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "माह्या पायात काई गुण नाई. मी पायाळू नाईच. चारचौघींसारखी डोक्यानंच जन्मली मी."

साफ खोटं. जन्मभर मिरवलेलं एवढं एकच मोठेपण तिनं फेकून दिलं होतं.

बंडूनं विचारलं, "मंग लोकाईच्या पाठी काऊन तुडवत होतीस?"

"पानसुपारी भेटे म्हनून."

रुपाचं अवसानच गेलं. ती मटकन खाली बसली आणि हमसून रडायला लागली. टीम तिच्याशिवायच मैदानात गेली. सखूबाईनं तिचा पाय अलगद मांडीवर घेतला, मुलीनं आणलेला बर्फ पदरात गुंडाळून गुडघ्यावर धरला.

"आता तुह्याकडं कोनीच येनार नाई," रुपा तोंड फिरवून म्हणाली.

"नको येऊ देत. तू पाय हालवू नको."