चौथी सवारी

आमच्या लेकीला, उषाला, पहिल्या बाळंतपणाला औरंगाबादहून जालन्याला आणायचं, एवढंच काम. पण जायचं कशानं, यावर आमच्या घरात सकाळभर वाद. मी म्हणाले रेल्वे, धाकटे दीर कचरूभावजी म्हणाले बैलगाडी, आणि आमचे हे, रामराव, दोघांचं ऐकून घेत निवांत पान लावत बसले. तेवढ्यात रेल्वे सुटली. बैलगाडीला दोन दिवस लागणार. राहिली मोटार.

तिघांनी मिळून वाटेला लागायचं नसतं. लागावंच लागलं तर एक दगड चौथा म्हणून सोबत घ्यायचा आणि पोचल्यावर दाराबाहेर ठेवायचा. कुंडलिकेच्या पात्रातून घाईनं जाताना ह्यांनी वाकून एक गुळगुळीत दगड उचलला आणि उपरण्यात बांधला. मी नीट बघितलंसुद्धा नाही.

मोटार गच्च भरली. माणसं दारात लोंबकळत होती, पण माझ्या शेजारची जागा रिकामीच. एक बाई बसायला वाकली आणि चटकन मागे सरली. "बसा आजी, बसा. मी ऱ्हाते हुबी." मी वळून बघितलं. तिथं फक्त ह्यांचं उपरणं होतं.

क्लीनर आमच्यावर बोट नाचवत म्हणाला, "और ये चार," आणि पुढे गेला.

"दगडाला बी सवारी धरलं की यानं!" हे खो खो हसले. मला हसू आलं नाही.

औरंगाबादला पोचलो. ह्यांनी दगड पायरीशी ठेवला. उषा भरल्या अंगानं लगबगीनं आली, पाया पडली, आणि आम्हा पाहुण्यांना जेवायला पाट मांडले. चार.

"चौथा कुणाला गं?"

"त्या आजीला. पायरीवरच बसून राह्यल्यात. आत या म्हणलं, तर म्हणाल्या, बिलकुल न्हाई, मी तुझ्यासंगं जालन्यालाच येणार."

मी तशीच उठले. बाहेर जाऊन दगड उलटा केला. खालच्या अंगाला पांढऱ्या कापडाची चिंधी घट्ट चिकटली होती. मयताच्या नावानं दहा दिवस जपतात आणि मग नदीत सोडतात, तो जीवखडा. कुणाचा, देव जाणे.

"डोळे फुटले होते का तुमचे?" मी ह्यांच्यावर तोंड सोडलं. "पोटुशी लेक न्यायला आलो, अन् कुणाचं मढं घेऊन आलो!"

मला फार भीती वाटत होती. हा दगड उषासोबत गाडीत चढता कामा नये, एवढंच कळत होतं.

"तुम्ही दोघं उद्या हिला रेल्वेनं न्या," मी म्हणाले. "मी ह्या दगडाला बैलगाडीनं नेते, अन् जिथला तिथं सोडते."

पहाटे म्हस्कू गाडीवानानं विचारलं, "एकट्याच का मावशी?"

"हां, एकटीच." त्याला दुसरं कुणी दिसलं नाही, याचं मला केवढं बरं वाटलं.

दोन दिवस दगड मांडीवर घेऊन बसले. बदनापूर गेल्यावर त्याच्याशी बोललेसुद्धा. "बाई, तू बी कुणाची आई असशील. माझ्या लेकीला सोड." तो उन्हानं तापायचा, सावलीत निवायचा. दगडासारखा दगड. दिवस मावळायच्या आत कुंडलिकेच्या डोहात त्याला सोडला, हातपाय धुतले आणि मागे न बघता घर गाठलं.

उषा ओट्यावर डाळ निवडत बसली होती. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला. जीव भांड्यात पडला. आणि मग एकदम ध्यानात आलं. मी निघून आले होते, तेव्हा मागे हे तिघंच उरले होते.

"आवो," मी ह्यांना म्हणाले, "रेल्वेत बसताना दगड घेतल्ता का?"

ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "न्हाई गं. गडबडीत इसरलोच."

"दगड कशाला लागतो, आई?" उषा हसली. "आम्ही चौघं होतो की. गाडीला एवढी गर्दी, पण माझ्या शेजारी कुणी बसलं न्हाई."

तिनं सुपातला हात काढून पोटावर ठेवला.

"आजींचा हात सारी वाट हितंच होता."