दोन ताटल्यांचं गाणं

सासूबाईंनी तेहतीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या. त्या निवृत्त झाल्या, आवाज काही झाला नाही. समोरच्या इमारतीतल्या बाईला त्यांनी खिडकीतून हाक मारली, तर खाली रस्त्यावरचे दोघं-चौघं आपसूक वळून वर बघत. त्या आवाजासाठीच वाचनालयातल्या हौशी नाटक मंडळाच्या दिग्दर्शकाने त्यांना गाठलं. मंडळ यंदा संगीत नाटक बसवत होतं आणि त्यातली मावशी करायला कोणी तयार होईना. मावशी दुष्ट होती, आणि एवढं करून तिला गाणं एकच होतं.

"मला गाता येत नाही हो," सासूबाई म्हणाल्या.

"सुरात घोषणा करा म्हणजे झालं," दिग्दर्शक म्हणाला. त्याचं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे कुठल्याही अडचणीवर काहीतरी काढून द्यायची त्याला सवय होती.

घरी सून म्हणाली, "करा ना आई. फार तर काय होईल? तुमचं गाणं सुरू झालं की लोक सामान उचलून उभे राहतील."

"चहाटळ आहेस," सासूबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन होकार देऊन आल्या.

घरात त्या दोघीच होत्या. मुलगा गेला त्याला पाच वर्षं झाली होती. साधा ताप म्हणता म्हणता अकरा दिवसांत सगळं आटोपलं. तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण दारातून निघताना हळूच विचारायचा, "सूनबाई आता माहेरी जाणार असेल ना?" सून गेली नाही. सासूबाईंनी तिला राहा म्हटलं नाही, तिनेही राहते म्हणून सांगितलं नाही. महिना झाला, वर्ष झालं, आणि मग तो विषय जुन्या कपाटासारखा भिंतीला टेकून उभा राहिला. कोणी त्याला हात लावला नाही.

सून कवळ्या तयार करायची. दातांचे डॉक्टर हिरड्यांचे ठसे पाठवत. त्यावरून ती प्लास्टरचा साचा करायची आणि मेणात एकेक दात बसवायची. हात इतका बारीक चालायचा की डॉक्टर तिचं नाव सांगून काम पाठवत. संध्याकाळी घरी आली की नखांतलं पांढरं प्लास्टर जुन्या ब्रशने घासून काढत मोरीपाशी बसायची. तीच त्यांची गप्पांची वेळ.

नाटकाची गोष्ट साधी होती. चौरस्त्यावर एक खाणावळ, ती चालवणारी मावशी, आणि तिने लहानाची मोठी केलेली पोरकी भाची. भाची व्हायोलिन सुरेख वाजवते. शहरातल्या वाद्यवृंदाकडून तिला बोलावणं येतं. ते पत्र मावशीच्या हाती पडतं आणि ती ते पिठाच्या डब्याखाली सरकवून देते. त्यानंतर रिकाम्या रंगमंचावर मावशी एकटी गाते. गाणं म्हणजे चार ओळी, पुन्हा पुन्हा येणाऱ्या:

*दार लोटते, कडी घालते,*
*विस्तव राखेखाली झाकते,*
*उद्याचं पीठ आज मळते,*
*दोन ताटल्या मांडते.*

"हे खुनशी झालं पाहिजे," दिग्दर्शक तालमीत म्हणाला. "तिने एका पोरीचं आयुष्य पिठाखाली दाबलंय. प्रेक्षकांनी दात-ओठ खाल्ले पाहिजेत."

सासूबाईंनी भुवया चढवून पाहिल्या, आवाज जाड करून पाहिला. तीन ओळी ठीक जायच्या. चौथीला घोडं अडायचं. ताटल्या मांडणारी बाई खुनशी कशी दिसणार? पेटीवाला दर वेळी थांबायचा, त्या दर वेळी "पुन्हा घेऊ या" म्हणायच्या. शेवटी दिग्दर्शकाने सगळ्यांना वह्या आणायला सांगितल्या. दोन प्रश्न दिले: माझं पात्र काय बोलतं, आणि काय लपवतं?

पहिल्याचं उत्तर सासूबाईंनी दीड पान लिहिलं. दुसऱ्याखाली "पत्र" एवढं एकच लिहून ते खोडलं.

"ते तर सगळ्यांनाच ठाऊक आहे," त्या संध्याकाळी त्या सुनेला म्हणाल्या. "तूच सांग बाई. तू दुसऱ्यांच्या तोंडात रोज डोकावतेस. ही मावशी दुष्ट आहे का?"

सून ब्रशने नखं घासत होती. "दुष्ट असती तर जाळलं नसतं का पत्र? विस्तव समोरच आहे. लपवलं, म्हणजे कधीतरी बाहेर काढायचं मनात असणार."

"मग काढत का नाही?"

"रोज ठरवत असेल. सकाळी वाटतं, संध्याकाळी निवांत बोलू. संध्याकाळी वाटतं, आता जेवणावर कशाला. दिवसातून दोनदा जाऊन बघायचं, आहे ना जागेवर. मग आठ दिवस होतात. तोवर पत्रापेक्षा न बोलल्याचंच ओझं जास्त होऊन बसतं."

सासूबाईंनी वहीवरून मान वर केली. सून अजून खाली बघूनच नखं घासत होती. अंगठा तर केव्हाच स्वच्छ झाला होता.

"आणि दोन ताटल्या?" त्यांनी विचारलं. "भाची त्या दिवशी बाहेर जेवून येणार असते. तसं सांगून गेलेली असते. मग दुसरी कोणासाठी?"

"कोणासाठी नाही," सून म्हणाली. "तिला एक ताटली मांडून बघायचीच नाहीये."

एवढं बोलून ती टॉवेल आणायला उठली, आणि टॉवेल तर तिच्या खांद्यावरच होता.

सासूबाईंनी कोपऱ्यातल्या शिलाईयंत्राकडे पाहिलं. त्यावर या घरात वर्षभर कोणी बसलं नव्हतं. पण गेले काही दिवस सून सकाळी निघताना आणि संध्याकाळी आल्यावर त्याचा खण उघडून बंद करायची. हळूच, पण लाकडी खण तो, करकरायचाच. तेहतीस वर्षं इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखणाऱ्या बाईला खण ऐकू येणार नाही होय?

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर त्या यंत्रापाशी गेल्या. खणाच्या मुठीवर हात ठेवला. ओढायचा एवढाच अवकाश होता. पण मुठीवर हात ठेवून उभ्या असताना त्यांनाच एक प्रश्न आडवा आला. मी इतके दिवस ऐकतेय, मग विचारलं का नाही?

सुनेला संकोच वाटेल म्हणून? छे. तो शहाजोगपणा झाला. मोठ्यांदा बोलायची ज्यांना उभ्या जन्मात भीती वाटली नाही, त्या सासूबाई एका खणाबद्दल मूग गिळून बसल्या होत्या, कारण उत्तर काय असेल याचा त्यांना अंदाज होता आणि ते त्यांना नको होतं. विचारलं नाही की सून सांगणार नाही, आणि सांगितलं नाही की जाणार नाही. इतकं साधं गणित होतं ते.

खण न उघडता त्या खुर्चीवर बसल्या. बऱ्याच वेळाने वही ओढली आणि दुसऱ्या प्रश्नाखाली लिहिलं: "भाचीला जायचं आहे हे मावशीला माहीत आहे. माहीत आहे, हेच ती लपवते."

संध्याकाळी सून चप्पल काढते न काढते तोच त्या म्हणाल्या, "ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं? यंत्राच्या खणात काय आहे?"

सून भिंतीला धरून उभी राहिली. "तुम्ही उघडलात?"

"नाही उघडला. तुझा आहे, तूच उघड."

तिने आणून दिलं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दंत-कार्यशाळेचं पत्र होतं. कवळ्यांचा अख्खा विभाग तिच्या हाताखाली, बारा माणसं, राहायला खोली. पंधरा दिवसांत कळवा. त्यातले अकरा संपले होते.

"मी नाही म्हणूनच कळवणार होते," सून घाईने म्हणाली.

"मग कळवलं का नाहीस?"

सुनेने मोरीपाशी जाऊन ब्रश उचलला.

"नको असतं तर फाडलं असतंस. कालच मला शिकवलंस."

"नाटकातलं वेगळं असतं, आई."

"काही वेगळं नसतं. बस इथे." सासूबाईंनी तिला शेजारी बसवलं. "आता माझं ऐक. मला ठाऊक होतं. पत्र ठाऊक नव्हतं, पण काहीतरी आहे हे ठाऊक होतं. आठ दिवस तो खण माझ्या कानाशी करकरतोय. मी विचारलं नाही. का? तर तू जाऊ नयेस म्हणून. तू गप्प बसलीस माझ्यासाठी, मीही गप्प बसले ती माझ्यासाठीच. म्हणजे बघ, दोघींनी मिळून माझीच काळजी घेतली."

सून हसायला गेली आणि मध्येच तिला रडू फुटलं. "तुम्ही एकट्या कशा राहणार?"

"वाईट राहीन. पहिले काही दिवस रडेन, समोरच्या बाईचं डोकं खाईन. मग होईल सवय."

"नाहीतर तुम्हीच चला माझ्याबरोबर."

"आत्ता नाही. आधी तुझं बस्तान बसू दे. बारा माणसांवर हुकूम चालवायचा आणि घरी सासूचा ऐकायचा, असं नको. आणि मी मावशी अर्धवट टाकून आले तर तो औषधवाला विष घेईल. दुकानातलंच."

मग मात्र सून खरंच हसली. नाक पुसत म्हणाली, "त्या कार्यशाळेवाल्यांनी गेल्या महिन्यात पण विचारलं होतं. फोनवर. तेव्हा मी लगेच नाही म्हटलं, आणि मग आठवडाभर झोप नाही लागली." हे ती पाच वर्षांतल्या कुठल्याही वाक्यापेक्षा हळू बोलली. सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला. बोटांच्या पेरांना मेणाचा गुळगुळीतपणा होता. मुलाच्या आजारात हाच हात अकरा दिवस त्याच्या कपाळावर होता, आणि आपण याला थांब म्हणायचं किंवा जा म्हणायचं धाडस केलं नाही, असं त्यांना वाटून गेलं.

होकार दुसऱ्या दिवशी सकाळीच गेला. नाटक होईपर्यंत थांबायची सवलतही मिळाली.

पुढच्या तालमीत सासूबाईंनी भुवया जागेवर ठेवल्या. पहिल्या तीन ओळी त्यांनी भराभर, काम उरकावं तशा म्हटल्या. चौथ्या ओळीला आवाज इतका खाली आणला की पेटीवाल्याने भात्यावरचा हात थांबवला.

दिग्दर्शक गोंधळला. "हे मी सांगितलं नव्हतं."

"नाही सांगितलंत," सासूबाई म्हणाल्या. "पण तिला खुनशी व्हायला वेळ कुठे आहे? ती घाबरलेली आहे. चोवीस तास काम काढत राहते, म्हणजे भाचीच्या डोळ्यांत बघायला नको."

"मग नाटकात दुष्ट कोण?"

"असायलाच हवा का?"

तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला. मग प्रकाशयोजनेच्या कागदावरचा लाल रंग खोडून त्याने पिवळा लिहिला.

प्रयोगाला वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. सून तिसऱ्या रांगेत होती. शेवटच्या कडव्याला सासूबाईंनी "दोन ताटल्या" एवढंच म्हटलं आणि "मांडते" म्हणायच्या आधी क्षणभर थांबल्या. ते ठरलेलं नव्हतं. मागच्या रांगेत कोणी म्हातारे गृहस्थ खोकत होते, तेही थांबले. कोणी दात-ओठ खाल्ले नाहीत. एका बाईने पर्समध्ये रुमाल शोधला, सापडेना म्हणून पदर घेतला. बाहेर आल्यावर सून म्हणाली, "आई, एवढं खरं गायचं नसतं हो."

नंतरच्या रविवारी ती गेली. सासूबाई ठरल्याप्रमाणे रडल्या, आणि समोरच्या बाईचं डोकंही त्यांनी ठरल्यापेक्षा जास्तच खाल्लं.

तीन महिन्यांनी समोरच्या बाईकडे पंधरा दिवसांची रजा मागितल्यासारखं करून त्या सुनेकडे राहायला गेल्या. कार्यशाळेत सुनेने त्यांना हाताखालच्या बाराही जणांना भेटवलं. "या माझ्या आई," ती म्हणाली. एका मुलीने विचारलं, "माहेरच्या?" तर ती म्हणाली, "घरच्या."

खोली लहान होती आणि खाट एकच. रात्री त्यावरून दोघींची चांगलीच जुंपली. सून म्हणे, तुमची कंबर धरते, तुम्ही वर झोपा. सासूबाई म्हणत, दिवसभर मान मोडून काम तू करतेस, मी का वर? कोणीच हटेना. शेवटी गादी खाली ओढली, खाटेवर बॅगा ठेवल्या आणि दोघी जमिनीवर शेजारी शेजारी आडव्या झाल्या. सून बारा जणांच्या तक्रारी एकेक करून सांगू लागली. सहाव्या माणसापर्यंत आली तोवर सासूबाई घोरत होत्या. तिने त्यांच्या अंगावर चादर ओढली आणि पुढच्या सहा जणांबद्दलही हळू आवाजात सांगून टाकलं.