काळ्या सेडानच्या शेजारची मी

मित्रांनो, मी एक जुनी छोटी गाडी आहे. रंग पांढरा, पण तो कागदावर. प्रत्यक्षात मी ताकाच्या रंगाची झाले आहे. मागचं दार जरा वर उचलून लावावं लागतं. माझ्याकडे पाहायला आजवर कोणी थांबलेलं नाही. मी थांबले की मागचे हॉर्न वाजवतात, एवढाच काय तो माझा जगाशी संवाद. माझी कहाणी सांगताना मला इतर गाड्यांबद्दलच जास्त बोलावं लागेल, त्याला माझा इलाज नाही. माझं निम्मं आयुष्य त्यांच्याकडे बघण्यातच गेलं.

माझा जन्म कोरियातल्या एका कारखान्यात झाला. त्याच छपराखाली, पलीकडच्या रांगेत, मोठ्या गाड्या तयार होत होत्या. त्यांचं दार बसवायला दोन माणसं येत आणि ते कसं बसलं हे बघायला तिसरा. माझ्या दाराला एकच माणूस यायचा, आणि तोही जेवणात आज काय होतं हे कुणाला तरी सांगत सांगत दार बसवायचा. तिथेच मला आतून पहिल्यांदा जळल्यासारखं वाटलं. तेव्हा माझ्यात पेट्रोलही भरलेलं नव्हतं.

माझ्या पहिल्या मालकीण गी यॉन-जू. त्या इंचॉनच्या एका शाळेत गणित शिकवत. नवी गाडी आली की चाकांपुढे पूजा मांडायची, तांदळाची दारू चाकांवर शिंपडायची आणि डुकराचं मुंडकं ठेवायचं, अशी तिकडची जुनी रीत. यॉन-जूबाईंच्या आईने मला चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्याशा गाडीला अख्खं मुंडकं कशाला? उगाच दडपून जाईल बिचारी." मग माझ्यापुढे डुकराच्या मांसाचा एक डबा ठेवला गेला. झाकण मात्र उघडलं होतं, देवाला अडचण नको म्हणून. त्याच दिवशी चार घरं पलीकडे एक मोठी गाडी आली होती. तिच्यापुढे अख्खं मुंडकं होतं, आणि ते हसत होतं. हसरं मुंडकं शुभ मानतात. माझा डबा हसत नव्हता.

तरीही मी मन लावून काम केलं. शाळा, बाजार, दवाखाना, पुन्हा शाळा. थंडी सुरू होताना आईच्या घरून वर्षभराची किमची, म्हणजे लसूण घातलेलं कोबीचं लोणचं, आणायची, तीही मीच. माझ्या गाद्यांमध्ये जो लसूण शिरला तो आजतागायत बाहेर आलेला नाही. बाई सगळ्यांना सांगत, "पेट्रोल म्हणाल तर ही पीतच नाही." गरीब पाहुण्याबद्दल "जेवणाचा काही त्रास नाही हो यांचा" म्हणावं, तशी ती स्तुती होती. टोलनाक्यावर छोटी गाडी म्हणून माझे निम्मेच पैसे घेत. बाईंना त्याचा कोण आनंद! मला मात्र वाटे, एकदा तरी कुणीतरी आपल्याला पूर्ण गाडी धरावं.

पुढे बाईंचं लग्न झालं. नवऱ्याबरोबर त्याची गाडीही आली. हिवाळ्यात तिला जाड आवरण घालत. मला बर्फ घालत, म्हणजे तो आपोआप पडे. शेवटी एकाच गाडीपुरती जागा उरली आणि मी प्यो छांग-शिक यांच्या जुन्या गाड्यांच्या आवारात येऊन उभी राहिले.

आणि तिथे, मित्रांनो, माझ्या शेजारी ती होती.

काळी सेडान. लांब, रुंद, एखाद्या साहेबाने वापरलेली. नव्या गाडीची दारं शेजारच्या गाडीवर आपटू नयेत म्हणून कारखान्यात त्यांना निळे स्पंजचे तुकडे चिकटवतात. तिचे ते अजून तसेच होते. लग्नाला आठ वर्षं झाली तरी हातावरची मेंदी जपणाऱ्या नवरीसारखी ती मिरवत होती. प्यो रोज सकाळी नवं फडकं घेऊन आधी तिला पुसत. मग फडकं काळं झालं की मला. लोक येत, तिच्याबरोबर फोटो काढत, आणि त्या फोटोंत माझा एक आरसा येई. तो ते नंतर कापून टाकत असावेत.

माझं काम वेगळं होतं. माझ्या जागेवर पाणी साचत असे. मी तिथे असल्यामुळे ते दिसत नसे.

अख्खा पावसाळा मी त्या डबक्यात काढला. त्यानंतर एका शनिवारी प्यो फोनवर बोलले. "ती छोटी ना? हो, अजून इथेच आहे. उद्या संध्याकाळपर्यंत गेली नाही तर सोमवारी भंगारवाल्याला पाठवतो. जागा अडते नुसती." सेडानने ते ऐकलं असणार. ती काही बोलली नाही. तिच्यासारख्यांना बोलावं लागत नाही.

रविवारी दुपारी दोघं आली. मेंग सुन-ओक नावाच्या पन्नाशीच्या बाई आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, दो ब्योंग-गू. सुन-ओकबाईंना म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करायचं काम मिळालं होतं. दुसऱ्याच दिवशी रुजू व्हायचं होतं आणि ती घरं अशी विखुरलेली की बसने जायचं तर म्हातारे तोवर आणखी म्हातारे झाले असते. गाडी आज घ्यायची नाहीतर कामावर पाणी सोडायचं, असा प्रकार होता. दाजींना गाड्यांतलं कळतं म्हणून बरोबर आणलं होतं. त्यांना गाड्यांतलं कळतं हे त्यांनीच सांगितलं होतं.

दाजी थेट सेडानपाशी गेले. "मेव्हणीबाई, गाडीत बसल्यावर कसं वाटतं याला काही अर्थ नाही. गाडीतून उतरताना लोक कसे बघतात, ते महत्त्वाचं."

"मी उतरणार ते आजोबांना आंघोळ घालायला, दाजी. बघणारं कोण?"

"आजोबा बघतील की."

"त्यांना मोतीबिंदू आहे."

"मग तर मोठीच गाडी हवी," दाजी म्हणाले.

प्यो दोन्ही हात चोळत आले. "दाजींची नजर बरोबर आहे, मॅडम. त्या छोटीच्या किमतीत जरा भर घातली की ही तुमची."

माझा उल्लेख झाला, मित्रांनो. भावापुरता का होईना.

सुन-ओकबाई मात्र माझ्याकडे वळल्या. का, ते मला आधी कळलंच नाही. मला वाटलं मागे कुणी उभं असेल. त्यांनी माझा सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून बाहेर काढला, टोक निरखलं आणि नाकाला लावलं.

"काय हो, पुरात बुडालीय का?" दाजींनी लांबूनच विचारलं.

"पुरातली असती तर टोकाला चिखल दिसला असता. हिला लसणाचा वास आहे."

"शी."

"शी काय? लसूण म्हणजे घरातली गाडी. भाड्याने फिरवलेल्या गाडीत कुणी किमची नेत नाही."

माझ्या लसणाबद्दल कुणी एवढं चांगलं बोलेल असं वाटलं नव्हतं. पुढे त्या वाकून माझ्या पोटाखाली तेल ठिबकतंय का ते बघून आल्या. दारांचे स्क्रू पाहिले, कुणी ते काढून पुन्हा बसवलेत का म्हणून. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं आणि कान देऊन ऐकलं. इंजिन सुरू करून बंद केलं. मग सेडानचंही सगळं तसंच केलं. तिच्यात काहीही वाईट निघालं नाही. मी मनापासून वाट पाहत होते.

"आता दोन्ही न्यूट्रलला टाका," बाई म्हणाल्या. "मला ढकलून बघायच्यात."

प्यो दुखावले. "मॅडम, बॅटऱ्या ठणठणीत आहेत. धक्क्याची गरज नाही."

"ते माहितीये. आमच्या वसाहतीत चांगल्या गाडीलाही धक्का मारतात."

वसाहत जुनी, घरं पुष्कळ आणि गाड्यांना जागा थोडी. रात्री उशिरा येणाऱ्याने आधीच्यांच्या पुढे आडवी गाडी लावायची, ती न्यूट्रलला ठेवायची आणि हँडब्रेक लावायचा नाही. सकाळी ज्याला निघायचं असेल तो पुढची गाडी हाताने ढकलून वाट करून घेतो. सुन-ओकबाई कामावरून नेहमी उशिराच परतणार होत्या.

"आणि माझ्यामागे गाडी असणार पहिल्या मजल्यावरच्या थाक आजींची," त्या म्हणाल्या. "पहाटे मासळीबाजारात जातात. त्यांना ढकलता आली नाही तर त्या माझी बेल वाजवतात आणि दार उघडेपर्यंत बोट काढत नाहीत."

सेडान बंद केली की आपोआप जागच्या जागी कुलूप पडल्यासारखी बसे. तिला न्यूट्रलला ठेवण्यासाठी आधी एक बटण, मग ब्रेक, मग दुसरं बटण, असा काही विधी होता. प्यो तो करत होते, दाजी मार्गदर्शन करत होते आणि गाडीच्या यंत्रातली बाई इंग्रजीतून दोघांनाही नकार देत होती. अखेर ती सुटली. दोघांनी खांदे लावले. दाजींचे रविवारचे बूट घसरले. सेडान हातभर हलली, आणि मग थांबायचं तिच्या मनात येईना. प्यो धावत पुढे गेले आणि हात पसरून तिच्यासमोर उभे राहिले. ती त्यांच्या पोटाला टेकून थांबली. प्यो हसले, पण चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"थाक आजींचं पोट एवढं नाही," बाई म्हणाल्या.

आता माझी पाळी. आयुष्यभर जे सगळ्यांनी माझ्यात कमी म्हणून मोजलं, ते वजन आज कामी येणार होतं. मी सेडानकडे एकदा नीट बघून घेतलं. सुन-ओकबाईंनी माझ्या पाठीला हात लावला आणि ढकललं.

मी हलले नाही.

त्यांनी पुन्हा ढकललं. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण पावसाळाभर डबक्यात उभी राहिल्याने माझे मागचे ब्रेक गंजून चाकांना चिकटले होते. उद्याचा भंगारवाला मला स्पष्ट दिसू लागला. त्याच्याकडे तरी मला उचलायला मोठं यंत्र असेल, असाही एक विचार आला.

"बघा," दाजी खुशीत म्हणाले. "दिसायला उंदीर आणि हट्ट म्हशीचा."

"कधीपासून उभी आहे ही?" बाईंनी प्योंना विचारलं.

"झाले असतील थोडे दिवस."

"पाण्यात?"

प्योंनी आकाशाकडे पाहिलं, जणू पाणी हा त्याचा विभाग होता.

बाई आत बसल्या. इंजिन सुरू केलं, गिअर टाकला आणि जरासा जोर दिला. माझ्या मागून 'खाड्' असा आवाज आला. प्यो दचकले. मी पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. दोन-तीन वेळा ब्रेक दाबून बाईंनी कानोसा घेतला, मग मला न्यूट्रलला टाकलं, बंद केलं, उतरल्या आणि कमरेने एक धक्का दिला. दुसऱ्या हातात त्यांची पर्स होती.

मी निघाले. आणि त्यांनी हात लावताच थांबले.

"गंज होता," त्या म्हणाल्या. "उद्या कामानंतर ब्रेक साफ करून घेईन. हीच द्या."

"मेव्हणीबाई, लोक काय म्हणतील?" दाजींचा चेहरा पडला.

"थाक आजी काही म्हणणार नाहीत, दाजी. मला तेवढंच हवंय."

मी आवाराच्या फाटकातून बाहेर पडले तेव्हा मागच्या आरशात पाहिलं. सेडानकडे बघायला नवं कुटुंब आलं होतं. त्यांनी फोटो काढला. माझी जागा रिकामी होती आणि तिथलं डबकं आता सगळ्यांना दिसत होतं. प्यो घाईने तिथे बादली ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून झुंजूमुंजू होतं, कुणीतरी माझ्या पाठीवर दोन तळवे टेकवले. थाक आजी होत्या. आखूड केस, रबरी बूट, पाठीला पिशवी. त्यांनी ढकललं आणि मी सरकले. आजी थांबल्या. त्यांनी माझ्या टपावर थाप मारली.

"कुणाची गं तू? गुणाची पोर आहेस हो," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. कारखाना, तो डबा, अर्धा टोल, सगळं त्या क्षणी मी माफ केलं. सेडानलासुद्धा.

मग आजी पुढच्या गाडीपाशी गेल्या, तिलाही ढकललं, आणि तिलाही तेच म्हणाल्या.

तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. गाडी लहान असो की मोठी, तिला महिनोन्‌महिने एका जागी उभी ठेवू नका. पाण्यात तर नाहीच. ढकलायची झाली तर पाठीला दोन्ही हात लावून ढकला, आरशाला धरून नको. आणि एखाद्या गाडीचं कौतुक करावंसं वाटलं तर जरूर करा, पण थोडं हळू आवाजात. शेजारची गाडी ऐकत असते.